खोडरबर कपाटात ठेवा: रेष शिकायची सुरुवात

रविवारच्या वर्गाला नव्याने येणारी मंडळी बहुधा चाळिशीपुढची असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी मुलांच्या शाळेच्या धावपळीतून नुकतंच मोकळं झालेलं. पहिलं वाक्य ठरलेलं: "मला साधी सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही हं." मग पिशवीतून नवीकोरी चित्रकलेची वही, बारा पेन्सिलींचा डबा आणि एक भलंमोठं खोडरबर बाहेर येतं. मी पहिल्याच दिवशी ते खोडरबर काढून घेते. परत देते, पण महिन्याभराने.

सरळ रेघेचं म्हणाल तर ती पट्टीलाही येते. आपल्या भाषेने या बाबतीत छान सोय करून ठेवली आहे. रेघ वहीत आखलेली असते, नाहीतर दगडावरची असते. रेषा भूमितीत असते, तळहातावर असते. आणि चित्रकार एकमेकांत बोलतात ती 'रेष'. "त्याची रेष बघ," असं म्हणतात तेव्हा ती सरळ आहे की वाकडी याची चौकशी नसते. ती जिवंत आहे का, एवढंच विचारायचं असतं. जिवंत म्हणजे काय, तर हात कुठे वेगाने गेला, कुठे रेंगाळला, कुठे दबकला हे तिच्यात दिसतं. रेष ही हाताच्या वेगाची नोंद असते. खोडून, पुन्हा गिरवून, पुन्हा खोडून काढलेल्या रेषेतून तो वेग निघून जातो. माझा खोडरबरावर राग आहे तो एवढ्यासाठीच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. समोरच्या वस्तूला रेष नसते. तांब्या घ्या. त्याला कड आहे, म्हणजे पितळ संपतं आणि भिंत सुरू होते अशी जागा आहे. पण तिथे काळी दोरी गुंडाळलेली नाही. राजा रवि वर्म्यांच्या तैलचित्रांत बाह्यरेषा जवळपास सापडत नाही, रंगाला रंग भिडतो आणि कड आपोआप तयार होते. रेषेने चित्र काढणारा मात्र दर क्षणी ठरवत असतो: ही कड दाखवायची, ती सोडायची, ही जाड, ती जेमतेम. खाली सांगितलेले सगळे सराव हे ठरवणं शिकण्यासाठी आहेत.

साहित्य

पाठकोरे कागद, निळं किंवा काळं बॉलपेन आणि एक ४बी पेन्सिल, बस. महागडी स्केचबुकं घेऊ नका. त्या पांढऱ्याशुभ्र पानाची भीती वाटते आणि माणूस पहिल्या पानावर महिनाभर अडकतो. ऑफिसच्या रद्दीतले एका बाजूने छापलेले कागद सर्वांत उत्तम. पेन यासाठी की ते खोडता येत नाही. पुढे वाटलं तर चार नंबरचा गोल ब्रश आणि काळ्या शाईची एक बाटली आणा.

हात मोकळा करा

आपण लिहितो तेव्हा मनगट कागदावर टेकवतो आणि फक्त बोटं हलवतो. अक्षराला ते ठीक आहे, चित्राला नाही. मनगट टेकवून लांब रेष ओढून बघा, ती वळतेच. कारण मनगट हा कंपासचा खिळा झालेला असतो आणि पेनचं टोक त्याच्याभोवती कमान काढत असतं. कोपर टेकवलं तर कमान मोठी होते. सगळा हात खांद्यातून हलवला, तरच रेष हव्या त्या दिशेला जाते.

म्हणून पहिले काही दिवस वस्तू काढूच नका. वर्तमानपत्राचं मोठं पान पसरा, जमलं तर उभ्याने, आणि खांद्यातून हात फिरवत रेषा ओढा. आडव्या, उभ्या, तिरप्या, मग मोठमोठी वर्तुळं, मग आठचा आकडा न थांबता. रेष ओढण्याआधी तोच मार्ग हवेतल्या हवेत दोनदा फिरवा आणि तिसऱ्यांदा पेन टेकवा. थरथरली तर थरथरू द्या. मुद्दाम हळू ओढलेली रेष जास्त थरथरते, हे तुमच्या तुम्हालाच कळेल.

जॉन ग्रिफिथ्स हा मुंबईच्या जे. जे. स्कूलचा प्राध्यापक. १८७२ पासून काही वर्षं तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात असे आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करून घेत असे. तिथल्या चित्रकारांनी लांब, नाजूक वळणं ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात ओढली आहेत, याचं त्याला मोठं कौतुक वाटलं होतं. अर्धवट उजेडात, उभ्या भिंतीवर, एका दमात! पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीची भुवई आठवा, किंवा कधी गेलात तर मान वर करून नुसती ती भुवई बघत बसा. ती मनगटातून आलेली नाही.

ठिपक्याकडे बघा

माझी आजी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायची. मी शेजारी बसून काढायचे तर माझी रेष सापासारखी जायची. आजी एकदा म्हणाली, "अगं, बोटाकडे काय बघतेस? पुढच्या ठिपक्याकडे बघ." चित्रकलेचं याहून चांगलं सूत्र मला नंतर कुठल्या वर्गात मिळालं नाही. हात कुठे आहे हे हाताला ठाऊक असतं. कुठे जायचं आहे हे डोळ्यांनी सांगावं लागतं.

तेच करा. कागदावर वीस-पंचवीस ठिपके कसेही विखरून टाका. एका ठिपक्यावर पेन ठेवा, नजर दुसऱ्यावर, आणि एका झटक्यात जोडा. ठिपका हुकला तर नवी रेष ओढा, आधीची गिरवू नका. रोज दहा मिनिटं. आठवड्यात फरक दिसतो. मग दोनाऐवजी तीन ठिपके एका वळणात जोडा. रांगोळीत चिमटीतून पडणारी भुकटी हात रेंगाळला की जाड पडते आणि हात भरभर गेला की विरळ होते. वेगाचा हिशेब तिथे जमिनीवर दिसतो. घरी रांगोळी असेल तर हा सराव चिमटीनेही करून बघा. पुरुषांनीसुद्धा. वर्गातल्या काकांनी आधी आढेवेढे घेतले, आता त्यांच्या सोसायटीत दिवाळीची रांगोळी तेच काढतात.

कागदाकडे न बघता

आता वस्तू. ढोबळी मिरची आडवी चिरून समोर ठेवा, किंवा सरळ आपला डावा हात टेबलावर ठेवा. पेन कागदावर, नजर वस्तूच्या कडेवर. कडेवरून नजर मुंगीच्या चालीने सरकवायची आणि तेवढ्याच चालीने पेन सरकवायचं. कागदाकडे अजिबात बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. पाच मिनिटं.

शेवटी जे निघेल ते हास्यास्पद असेल. करंगळी अंगठ्याहून मोठी, मिरचीचा देठ बाहेर दुसरीकडेच. हसा आणि मग नीट बघा: त्या वेड्यावाकड्या चित्रात एखाद्या पेराची सुरकुती अशी अचूक उतरलेली असते की तशी तुम्ही शहाणपणाने काढली नसती. कारण एरवी आपण हात बघत नाही, 'हात' नावाचं डोक्यातलं चित्र काढतो. इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हे जास्त जड जातं, असा माझा अनुभव. वस्तुचित्राच्या पेपरसाठी घोकलेला घडा आणि घोकलेलं केळं त्यांच्या बोटांत वीस वर्षांनंतरही बसलेलं असतं.

असे दहा हात काढून झाले की नियम थोडा सैल करा: दहा वेळा वस्तूकडे बघा, एकदा कागदाकडे.

कुठे जाड, कुठे बारीक

पेन्सिलीने तांब्या काढा, एकाच जाडीच्या रेषेने. मग त्याच तांब्याचं दुसरं चित्र काढा आणि त्यात तीन गोष्टी करा. उजेड ज्या बाजूने येतो तिथली रेष बारीक ठेवा, काही ठिकाणी तुटू द्या. सावलीकडची रेष दाबून जाड करा. आणि तांब्या टेबलाला टेकतो तिथे सर्वांत काळी. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. पहिला तांब्या कागदावर चिकटवल्यासारखा दिसेल, दुसऱ्याला वजन असेल.

हे जाड-बारीक अचानक होऊ देऊ नका. दाब हळूहळू वाढवायचा, हळूहळू सोडायचा, तानेतला आवाज चढतो-उतरतो तसा. ब्रशने हे फार लवकर समजतं: टोकावर चालवला की केसासारखी रेष, टेकवला की पोट पसरतं. आर. के. लक्ष्मण यांची व्यंगचित्रं या नजरेने पुन्हा चाळा. ब्रशची रेष पुढाऱ्याच्या पोटाशी येऊन सुटते आणि चष्म्यापाशी केसासारखी होते. त्यांना कावळे फार आवडायचे, खूप काढले. कावळा हा ब्रशसाठीच जन्माला आलेला पक्षी आहे.

पण जाड-बारीक हाच एक मार्ग आहे असं समजू नका. गोव्यातल्या लोटलीच्या मारिओ मिरांडांची रेष पाहा. पेनाची, बारीक आणि बहुतेक सगळीकडे सारख्याच जाडीची. तरी त्यांच्या चित्रातली गर्दी सपाट होत नाही. एका बाईच्या फ्रॉकवर ठिपके, शेजारच्याच्या शर्टावर पट्टे, मागच्या खिडकीला नक्षीची जाळी, खाली फरशीचे चौकोन. कुठे रेषा दाटवायच्या आणि कुठे कागद पांढरा सोडायचा, यावर सगळा तोल सांभाळलेला. मुंबईत कुलाब्याला कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. चहा मागवा आणि रेषा कुठे संपतात ते मोजत बसा.

रेषांनी सावली

नवशिक्यांना सगळ्यात जास्त मोह असतो तो पेन्सिल आडवी धरून बोटाने पुसून सावली करायचा. गुळगुळीत दिसतं म्हणून आवडतं. काही दिवस ते बंद. सावली फक्त रेषांनी करायची. वर्गात आम्ही इंग्रजी नावच वापरतो, हॅचिंग.

तीन-तीन सेंटिमीटरचे पाच चौकोन आखा. पहिला कोरा. दुसऱ्यात चार-चार मिलिमीटर अंतरावर समांतर तिरप्या रेषा. तिसऱ्यात दोन-दोनच्या अंतरावर. चौथ्यात तिसऱ्यासारखंच करून त्यावर दुसऱ्या दिशेचा थर द्या. पाचव्यात तिसरा थर. दुसरा थर काटकोनात टाकू नका, थोडा तिरका टाका. काटकोनात टाकलात तर खिडकीला डासांची जाळी लावल्यासारखं दिसतं. रेषा सारख्या अंतरावर येत नाहीत म्हणून हिरमुसू नका, पण घाईही करू नका. इथे मात्र हात संथ आणि ठेक्यात चालला पाहिजे.

आता वांगं घ्या. चांगलं फुगीर, भरीताचं. सावलीच्या बाजूला सरळ समांतर रेषा मारल्यात तर वांगं काळं होईल, गोल होणार नाही. रेषा त्याच्या अंगावरून वळवा, मनगटात बांगड्या भरल्यासारख्या. वस्तू डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर या बांगड्यांचं पोट खाली येतं, वर टांगलेली असेल तर वर जातं. फळीवरचा डबा आणि जमिनीवरची बादली एकाच वेळी काढून बघा, म्हणजे नेमकं कळेल.

या कामातला उस्ताद म्हणजे जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर, आणि त्याच्या एका चित्राचं आपल्या किनाऱ्याशी नातं आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवला आणि १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. ड्यूररने गेंडा पाहिलाच नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठशासाठी चित्र काढलं. कातडी चिलखतासारखी, पायांवर खवले, आणि पाठीवर खांद्यापाशी एक जास्तीचं शिंग! प्राणिशास्त्र चुकलं, पण रेषांनी असा गेंडा उभा केला की पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात लोक तोच खरा मानत राहिले. (बिचारा खरा गेंडा पुढच्याच वर्षी पोपला भेट म्हणून पाठवताना जहाजासकट बुडाला.) चित्र मोठं करून बघा. प्रत्येक पट्ट्यावर रेषा त्या पट्ट्याच्या फुगवट्याप्रमाणे वळल्या आहेत. आणि लाकडी ठशात काळी रेष कोरत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतात, रेष उरते. एकावर एक आडव्या-तिरप्या रेषा हव्या असतील तर मधला एकेक पांढरा चौकटीचा तुकडा कोरून काढावा लागतो. बॉलपेनने हॅचिंग करताना कंटाळा आला की हे आठवावं.

याच्या उलटा प्रकार चित्रकार नंदलाल बोस यांच्या १९३० मधल्या लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून उमटवलेल्या चित्रात आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या निमित्ताने केलेलं, हातात काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचं चित्र. लिनोवर कोरलेला भाग पांढरा राहतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेष बोलते. सावलीचं काम जवळपास नाहीच. काठी, पुढे पडलेलं पाऊल, किंचित झुकलेलं अंग. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पेन्सिलीने ही नक्कल जरूर करा. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो, काळ्यावर उजेड काढावा लागतो, आणि डोकं पार उलटं चालवावं लागतं.

तीस सेकंदांत माणूस

आता बाहेर पडा. एसटी स्टँड, बाजार, उद्यानातला बाक. माणसं हलतात, म्हणून नाक-डोळे विसरा. आधी एकच रेष: डोक्यापासून ज्या पायावर वजन आहे त्या पायापर्यंत अंग कसं वळलंय ती. पिशवी उचललेली बाई एका बाजूला कलते, मोबाइलमध्ये पाहणाऱ्याची मान पुढे येते. मग खांद्यांची एक तिरपी रेष, कमरेची एक. एका बाजूचा खांदा वर असेल तर बहुधा त्या बाजूची कंबर खाली असते. तीस सेकंद झाले की पुढचा माणूस. एका पानावर वीस.

अंग किती थोड्या रेषांत उभं राहतं हे वारली चित्रांत दिसतं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, बाकी हातपाय एकेका रेषेचे. पण त्या त्रिकोणांचा कल असा असतो की तारप्याभोवतीच्या (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचात कोण पुढे झुकलंय, कोण मागे खेचलंय, लगेच समजतं. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चघळलेल्या काडीने काढलेली ही रेष. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवरचं चौकोनी चित्र, बायकांनी लिहायचा ही रीत. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ती कला चौकाबाहेर, रोजच्या जगण्याच्या चित्रांत नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'लिहायचा' हा शब्द लक्षात घ्या. तिथे चित्र काढत नाहीत, लिहितात. बाजारात मिळणाऱ्या मग आणि कुर्त्यांवरचा नाच या नजरेने तपासा: त्रिकोण आहेत, पण कल नाही, सगळे हवालदारासारखे ताठ.

पट्टीबद्दल थोडंसं

कुणीतरी विचारतंच, पट्टी वापरली तर चालेल का? चालेल, जर पट्टीने काय करायचं हे तुम्हाला ठाऊक असेल. नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) बडोद्याला शिकवायच्या. त्यांनी आर्किटेक्टची साधनं घेऊन शाई-पेन्सिलीने नुसत्या रेषांची चित्रं केली. ना वस्तू, ना माणूस. अंतरं किंचित बदलत जातात आणि कागद श्वास घेतोय असं वाटतं. शेवटच्या वर्षांत हातांच्या हालचालींवर ताबा राहू न देणाऱ्या आजाराने त्यांना गाठलं होतं, तरी रेष हलली नाही. पट्टीमागे लपणं आणि पट्टीने असं काम करणं यांत फरक आहे. नवीन असताना आपण बहुधा लपतो, म्हणून पहिले दोन महिने नको.

नक्कल करा, पण चोरून नाही

इथवर आलात की आवडीच्या चित्रकाराची नक्कल करा. पूर्ण चित्राची नको. हाताच्या पंजाएवढा तुकडा घ्या. शि. द. फडणीसांच्या एखाद्या शब्दाविना चित्रातली फक्त साडी नेसलेली बाई. लक्ष्मणांचा एक कोट. मारिओंची एक खिडकी. नक्कल करताना दर रेषेला विचारा: हिने सुरुवात कुठून केली असेल? जाड टोकाकडून की बारीक? फडणीसांची रेष इतकी साधी दिसते की नक्कल सोपी वाटते, आणि तिथेच लोक आपटतात. त्यांनी काय काढलं नाही याची यादी करा, मग साधेपणाची किंमत कळते. खाली "अमुकांवरून" असं लिहा आणि आपली म्हणून कुठे टाकू नका.

'विष्णुधर्मोत्तर पुराणा'च्या चित्रसूत्रात म्हटलंय की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायेची, बायकांना दागदागिने काढलेले आवडतात आणि बाकीच्यांना भरपूर रंग. बायकांबद्दलचं ते त्यांनी त्यांच्यापाशीच ठेवावं. वर्गात मी हे वाचून दाखवलं तेव्हा बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, मग आपण थेट आचार्यच झालो की!" आणि पुढच्या वांग्यावर वाकल्या.

खोडरबर महिन्याने परत मिळेल असं मी सुरुवातीला म्हटलं. दिलं की बहुतेक जण त्याने खोडत नाहीत. पेन्सिलीने काळा केलेला कागद घेऊन त्यात रबराच्या कोपऱ्याने पांढऱ्या रेषा ओढतात. केसांवरचा उजेड, तांब्याच्या गळ्यावरची चमक. तुम्हीही तोवर थांबा. आणि प्रत्येक पाठकोऱ्या कागदावर तारीख टाका. घरातल्यांना आधीच बजावून ठेवा, हा गठ्ठा रद्दीवाल्याला द्यायचा नाही.